वाचकांचे सवाल: इंजिन नंतर, आधी पट्टा

भंगारातून बर्फावर चालणारी पट्ट्याची गाडी बनवल्याचे रशिया-कॅनडाकडचे व्हिडिओ सध्या लय जण बघायलेत असं दिसतंय, कारण या वेळच्या पत्रांत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर निम्मे प्रश्न त्याचेच आहेत. विहिरीच्या मोटारीचे, कडबाकुट्टीचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ, नाराज होऊ नका. काही प्रश्न सारखेच होते, ते एकत्र केलेत.

प्रश्न : मास्तर नमस्कार. रशियातल्या एका माणसानं जुन्या कारचं सामान आणि रबरी पट्टा वापरून बर्फात जाणारी गाडी बनवलेली बघितली. आपल्याकडं बर्फ नाई पण पाणंदीला चिखल असा असतो की परतीच्या पावसात सोयाबीन वावरातून काढता येत नाई, ट्रॅक्टर फसतो, मग दुसरा आणून पहिला काढा. तशी गाडी चिखलात चालंल का आणि इंजिन कोणतं टाकावं? माझ्याकडं मोटरसायकलचं १५० सीसीचं इंजिन पडून आहे.
— एक शेतकरी, ता. सेलू, जि. परभणी

उत्तर : चालेल, पण जशीच्या तशी नाही. आणि इंजिनाचा प्रश्न तुम्ही आधी विचारलात, तो शेवटी यायला पाहिजे. तुमचं एकट्याचं नाही हे, आलेल्या जवळपास सगळ्या पत्रांत पहिली ओळ इंजिनाचीच आहे. बर्फ असो का काळी माती, गाडी फसते ती ताकद कमी पडली म्हणून नाही तर जमिनीवर दाब जास्त पडला म्हणून. ट्रॅक्टर पन्नास एचपीचा असला तरी एकदा फसला की ते पन्नासच्या पन्नास एचपी चाकाखालचा खड्डा खोल करायलाच लागतात, हे तुम्ही दर साली बघता.

आकडे मांडून बघा. टायर मऊ जमिनीवर साधारण आतल्या हवेइतकाच दाब टाकतो, आणि भरलेल्या ट्रॉलीच्या टायरात ४० पौंड (म्हणजे चौरस इंचाला ४० पौंड) तरी हवा असतेच. आता पट्ट्याची गाडी धरा, गाडी ४०० किलो, चालवणारा ७०, वर पाच क्विंटल सोयाबीन, झाले ९७० किलो. दोन पट्टे, प्रत्येकी ३० सेंमी रुंद, जमिनीला टेकलेली लांबी दीड मीटर, म्हणजे एकूण ९,००० चौरस सेंमी. भागाकार केला की चौरस सेंमीला ०.१०८ किलो, म्हणजे पौंडाच्या मापात दीड पौंड येतो. तुम्ही स्वतः चालताना सगळं वजन एका पायावर आलं की पाच पौंडाच्या आसपास जातं. म्हणजे जिथं तुमचा पाय घोट्यापर्यंत रुततो तिथं ही गाडी पाच क्विंटल घेऊन वरच्या वर जाते. निदान कागदावर तरी, कारण खरं तर पट्ट्याच्या आत जी टेकू चाकं असतात त्यांच्या बरोबर खाली दाब जास्त आणि मधल्या जागेत कमी पडतो, म्हणून ही चाकं जास्त आणि जवळजवळ बसवायची, दोन-तीन मोठ्या चाकांवर भागवायचं नाही.

हे डोकं नीट चालवलं ते कॅनडातल्या क्युबेकमधल्या एका गॅरेजवाल्यानं, जोसेफ-अरमांड बॉम्बार्डिए. १९२२ साली पंधरा वर्षांचा असताना त्यानं फोर्ड मॉडेल टीचं इंजिन आणि मागं लाकडी पंखा लावून बर्फावर घसरणारी गाडी केली होती. म्हणजे सुरुवात त्यानंही इंजिनापासूनच केली! पण खरं काम झालं ते पट्टा आणि गरारीवर, म्हणजे पट्टा ओढणाऱ्या दातेरी चाकावर. १९३४ च्या हिवाळ्यात बर्फानं रस्ते बंद, दोन वर्षांचा मुलगा अपेंडिक्सनं आजारी, दवाखान्यात नेता आलं नाही, पोरगं गेलं. त्यानंतर १९३७ मध्ये त्याची सात माणसं नेणारी बी-७ गाडी आली, पुढं स्की (बर्फावर घसरणाऱ्या फळ्या), मागं रबराचा पट्टा, आणि पट्टा ओढणारी गरारीसुद्धा रबर चढवलेली.

आता आपल्या मातीचं. बर्फ दाबला की घट्ट होतो आणि बराचसा पट्ट्यातून झडून जातो. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते, चिकटते, पट्टा आणि गरारीच्या मधी जाऊन बसते, तिथं थरावर थर चढला की गरारीचा घेर वाढतो, पट्टा गच्च ताणला जातो, मग एकतर पट्टा उतरतो नाहीतर बेअरिंग बसतं. म्हणून चिखलासाठी एकच अखंड रुंद पट्टा घेऊ नका. प्रत्येक पट्ट्यासाठी १२-१२ सेंमीच्या दोन पट्ट्या घ्या, मधी सहा सेंमी मोकळी जागा ठेवा, वरून आडवे अँगल बोल्टनं जोडा, आणि गरारीचे दात त्या मोकळ्या जागेत अँगलला धरून ओढतील असं करा. चिखल त्याच फटीतून बाहेर पडतो. गरारी बंद डबीसारखी नको, सळया लावून उघडी करा. टेकू चाकांनाही भरीव पत्रा नको. आणि व्हिडिओत बघून एक गोष्ट बिलकुल उचलू नका, ती म्हणजे पट्ट्याच्या आत लावलेल्या प्लास्टिकच्या घसरपट्ट्या. स्नोमोबाइलमध्ये, म्हणजे बर्फावरच्या पट्ट्याच्या स्कूटरमध्ये, पट्टा त्यावरून घसरतो, त्या बर्फानंच थंड राहतात, आपल्या जमिनीवर थोड्याच वेळात तापून वितळतील.

राहिलं इंजिन. मोटरसायकलचं विकून टाका किंवा पोराला द्या. त्याला रिव्हर्स नाही, डिफरन्शियल (दोन्ही चाकं वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअर) नाही, आणि ते थंड होतं ते गाडी पळताना लागणाऱ्या वाऱ्यावर. ताशी चार-पाच किलोमीटरनं ओझं ओढताना वारा कुठून येणार? १९११ मध्ये कॅप्टन स्कॉटच्या मोहिमेतल्या पट्ट्याच्या मोटर स्लेज अंटार्क्टिकाच्या थंडीतसुद्धा इंजिन तापून निकामी झाल्या, तिथं तसं तर सेलूत काय. जुन्या पेट्रोल रिक्षाचं मागचं पूर्ण सामान घ्या, इंजिन, गिअर, डिफरन्शियल, दोन्ही ब्रेक ड्रमसकट. त्याला स्वतःचा पंखा असतो, रिव्हर्स असतो, आणि वाळूजला १९८५ पासून बजाजचा कारखाना असल्यानं म्हणा की रिक्षाच लय असल्यानं म्हणा, पार्ट तालुक्याच्या गावातही मिळतात.

प्रश्न : सर, मी आयटीआयला मोटर मेकॅनिक करतोय. आम्ही तिघं मित्र पट्ट्याची छोटी गाडी बनवणार आहोत. पट्टा कुठून आणायचा, जोड कसा द्यायचा आणि गरारीचं माप कसं काढायचं? वळवायची कशी ते पण सांगा, स्टेअरिंग लावायचं का?
— एक विद्यार्थी, जालना

उत्तर : जालन्यात राहून भंगार कुठून आणू असं नाही विचारलंस हे बरं केलंस, सळईच्या कारखान्यांमुळं अर्ध्या महाराष्ट्राचं लोखंडी भंगार तुमच्याच गावात येतं. पण पट्टा तिथं नाही, खडी क्रशरवर मिळेल. तिथले कन्व्हेअर बेल्ट मधी झिजले की काढून टाकतात, कडा चांगल्या असतात, आणि आपल्याला अरुंद पट्ट्याच पाहिजेत. साखर कारखान्यातही बंद हंगामात जुने बेल्ट निघतात. घेताना दुमडून बघ, आतल्या कापडाचे थर सुटलेले असतील तर फुकट दिला तरी घेऊ नको.

गरारीच्या आधी पिच ठरव, पिच म्हणजे दोन अँगलमधलं मध्य ते मध्य अंतर. समज ८ सेंमी ठेवला. गरारीला आठ दात घेतले तर घेर ६४ सेंमी होतो म्हणून व्यास २०.४ असं बरेच जण काढतात आणि तिथंच गंडतात, कारण अँगल काही वाकत नाही, पट्टा गरारीवर गोल नाही तर अष्टकोनी बसतो. पिच भागिले साइन २२.५ अंश कर, २०.९ सेंमी येतो, दातांची मधली रेघ त्या वर्तुळावर पाहिजे. अर्धा सेंमीचा फरक, पण दर फेरीला दात थोडा थोडा पुढं सरकत जातो आणि शेवटी अँगलवर चढतो.

भोकं टेपनं मोजून पाडू नकोस. ४ मीटरच्या पट्ट्याला ८ च्या पिचनं ५० अँगल लागतात, दर वेळी अर्धा मिमी चुकलं आणि एकाच बाजूला चुकत गेलं तर शेवटी २५ मिमीचा घोळ. लेथवाल्याकडून पट्टीचा एक फर्मा करून घे, दोन पिन असलेला, मागच्या भोकात पिन घालायची आणि पुढचं भोक पाडायचं, दोन्ही पट्टे त्याच एका फर्म्यावर. जोड देताना टोकाला टोक लावून चालत नाही, तीन पिच तरी एकावर एक घे, दोन्ही टोकं ग्राइंडरनं तासून निमुळती कर म्हणजे गाठ येत नाही, आणि अँगलचे बोल्ट त्या जोडातूनच आरपार ने. आतल्या बाजूनं वॉशर नको, छोटी लोखंडी पट्टी टाक, नाहीतर बोल्टचं डोकं रबर फाडून बाहेर येतं. नट लॉकवालेच.

अँगल जाड घ्यायचा मोह होईल, वेल्डिंग शिकलेल्या प्रत्येकाला होतो. दोन्ही पट्ट्यांना ३० सेंमीचे मिळून ३० मीटर अँगल लागतो. ४०×४०×५ चा घेतला तर ९० किलो, २५×२५×३ चा घेतला तर ३३. सत्तावन्न किलो उगाच, आणि ते नुसतं वजन नाही, दर फेरीला उचलून फिरवायचं वजन आहे. रशियातले लोक तर बर्फासाठी अँगलही वापरत नाहीत, पाण्याचा जाड प्लास्टिक पाईप उभा चिरून त्याचे अर्धे तुकडे पट्ट्यावर बोल्ट करतात. आपल्याकडं ठिबकच्या आणि विहिरीच्या एचडीपीई पाईपाचे तुकडे प्रत्येक वावरात पडलेत. मुरूम, खडीवर ते झिजतील, पण निव्वळ मऊ जागेत चालवायचं असेल तर करून बघायला काय हरकत नाही. मात्र दात अँगललाच धरणार असतील तर दर तीन-चार पाईपामागं एक लोखंडी असं मिश्रण करू नकोस, सगळे एकाच उंचीचे पाहिजेत.

वळवायला स्टेअरिंग नको. रिक्षाच्या मागच्या दोन्ही चाकांचे ब्रेक एकाच मास्टर सिलिंडरवर (ब्रेकचं तेल ढकलणारा पंप) असतात, ते वेगळे करून दोन मास्टर सिलिंडर आणि दोन हातदांडे लाव. डावा ओढला की डावा पट्टा थांबतो, डिफरन्शियलमुळं उजवा दुप्पट फिरतो, गाडी डावीकडं. सरळ जाताना काही अडचण नाही, पण असं वळताना डिफरन्शियलमधल्या छोट्या पिनियनवर लय मार पडतो, तेल वेळेवर बदलत जा. आणि पट्टा जमिनीला जेवढा लांब टेकतो त्याच्या दोन तृतीयांश तरी अंतर दोन पट्ट्यांच्या मध्यांमधी ठेव, दीड मीटर टेकत असेल तर एक मीटर. गाडी लांबट आणि अरुंद केली की ती वळतच नाही, नुसती जमीन खरवडते, मग तुम्ही तिघं खाली उतरून ढकलाल.

स्पीडचं पण सांगून ठेवतो. रिक्षाच्या टायरचा घेर १३० सेंमीच्या आसपास असतो, तुझ्या गरारीचा ६४, म्हणजे स्पीड आपोआप निम्मा आणि ओढ दुप्पट. वेगळा गिअरबॉक्स शोधत फिरू नकोस.

प्रश्न : मी फौजेत आहे, सध्या लडाखमध्ये. गाव माझं रेणापूर तालुक्यात. इथं स्नो स्कूटर बघतो, एकच पट्टा आणि पुढं दोन स्की. इथले गावातले पोरं जुन्या स्कूटरचं इंजिन टाकून तसं काही करायचं म्हणतात, मला विचारतात कारण मी गावाकडं गॅरेजात काम केलेलं. स्कूटरचं इंजिन पुरंल का?
— एक जवान

उत्तर : तुमचं पत्र बघून आनंद झाला. पोरांची निवड वाटते तेवढी वेडी नाही. खऱ्या स्नोमोबाइलमध्ये गिअर नसतात, रबरी बेल्ट आणि दोन उघडमिट होणाऱ्या पुली असतात, म्हणजे आपल्याकडं कायनेटिक होंडापासून जे आलं आणि आज प्रत्येक अ‍ॅक्टिव्हात आहे तेच व्हेरिएटर. बर्फात कधी मऊ कधी कडक लागतं, इंजिनाला स्वतःहून गिअर बदलणारं असलं तर चांगलंच.

पण उंची विसरू नका. दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद जाते. लेहची उंची साडेअकरा हजार फूट, म्हणजे तिथंच एक तृतीयांश गेली, आठ एचपीची स्कूटर सव्वापाचवर आली. कार्ब्युरेटर असेल तर जेट बारीक करावा लागेल नाहीतर पेट्रोल जास्त जाऊन प्लग काळा पडत राहील. इंजेक्शनवाली ते स्वतः जमवते, गेलेली ताकद मात्र तीही परत आणत नाही. सव्वापाच एचपीत माणूस बसवून स्की लावून चढ चढायचं म्हणजे अवघड.

त्यापेक्षा रशियात एक जुगाड फार चालतं ते सांगा त्यांना. एक लोखंडी चौकट, आत एकच रुंद पट्टा, वर छोटं इंजिन, बसायला जागाच नाही. मागं घसरगाडी बांधायची आणि माणूस त्यात बसून लांब दांड्यानं ते यंत्र हाकतो. स्की नाही, सस्पेन्शन नाही, स्टेअरिंग नाही. माणसाचं आणि सामानाचं वजन मागच्या घसरगाडीवर पसरतं, पट्ट्यावर फक्त यंत्राचं. सहा-सात एचपीत काम होतं, आणि फसलं तर दोघं मिळून उचलून बाजूला ठेवतात.

बाकी तिथल्या थंडीच्या गोष्टी तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तरी दोन सांगतो. रात्री यंत्र सरळ बर्फावर उभं करू नका, फळ्यांवर चढवून ठेवा, दिवसभर चालून पट्टा ओला असतो, रात्री तो जमिनीला गोठतो आणि सकाळी इंजिन चालू करून ओढलं की पट्टा तरी फाटतो नाहीतर गरारीचा दात तरी जातो. आणि पोरं डिझेल इंजिनाचा विचार करत असतील तर साधं डिझेल तिथं मेणासारखं गोठतं, त्यासाठीच २०१९ पासून लडाखला इंडियन ऑइलचं हिवाळी डिझेल यायला लागलं, ते उणे ३३ अंशापर्यंत वाहतं राहतं. उतारावर कुठं न्यायचं, कुठं नाही, हे तिथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारूनच. हिमकडा सुटला तर पट्टा, इंजिन काही कामाचं नाही.

प्रश्न : नवीन गाडी कशाला बनवायची, माझ्याकडं जुना छोटा ट्रॅक्टर आहे. त्यालाच पट्टे घालता येतील का? की केजव्हील (चिखलात लावतात ते लोखंडी पिंजऱ्याचं चाक) लावून भागेल?
— एक वाचक, अर्धापूर, जि. नांदेड

उत्तर : केजव्हील भाताच्या चिखलणीला ठीक, वावरात उभ्या उभ्या काम करायला. ओझं घेऊन पाणंदीतून यायचं तर ते रस्त्याची पार नांगरट करतं, दुसऱ्या दिवशी गावच तुमच्यामागं लागेल.

पट्टे घालता येतात, आणि याचं उदाहरण तर फार मोठं आहे. एव्हरेस्टवाले एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ ला दक्षिण ध्रुवावर पोचले ते फर्ग्युसन ट्रॅक्टरवर, आज आपल्याकडं फिरणाऱ्या मॅसीचाच पूर्वज, ताकद २८ एचपीच्या आसपास. मागच्या आणि पुढच्या चाकाच्या मधी एक जादा चाक टाकलेलं आणि तिन्हींवरून पट्टा चढवलेला. बर्फातल्या भेगांत एखादा पडला तर बाकीच्यांनी धरावं म्हणून ट्रॅक्टर एकमेकांना दोरानं बांधून नेले. मोटारगाडीवर जमिनीवरून ध्रुवापर्यंत जाणारे ते पहिलेच. पुढच्या चाकांवर पट्टा असल्यावर स्टेअरिंग फिरत नाही, मग वळायचं डाव्या-उजव्या ब्रेकवर, आणि ते वेगळे ब्रेक तुमच्या ट्रॅक्टरला आधीच आहेत. त्यामुळं जमतं. पण मधल्या चाकाची चौकट चेसिसला नीट बांधली नाही तर ओझ्याखाली ती मुरगळते, ते काम गावातल्या वेल्डिंगवर सोडू नका. आणि ट्रॅक्टरचं वजन ४०० किलो नसतं, दोन हजाराच्या घरात असतं, म्हणून पट्टा पण तेवढाच रुंद-लांब लागेल, वरचा हिशोब तुमच्या वजनानं परत करा.

प्रश्न : भाऊ, माझा मुलगा दिवसभर शेडमध्ये ग्राइंडर चालवतो, म्हणतो बर्फाची गाडी बनवतोय. कळंबला बर्फ कुठून येणार? पैसे जायलेत ते जायलेत, त्याला काही लागलं-बिगलं तर? काय बघावं मी?
— एक आई, कळंब, जि. धाराशिव

उत्तर : ताई, बर्फ येणार नाही, पण पाणंद तुमच्याकडं पण असेलच, वरचं सेलूवाल्यांचं उत्तर त्याला वाचायला द्या. पैशाचं म्हणाल तर जुनं इंजिन स्वस्तात मिळतं, खरा पैसा बेअरिंग, प्लमर ब्लॉक, नट-बोल्ट आणि लेथच्या मजुरीत जातो, आणि ते थोडं थोडं जातं म्हणून घरात कळत नाही. वही ठेवायला लावा.

तुम्ही स्वतः जाऊन तीन गोष्टी बघा, मशीनचं काही कळायची गरज नाही. ग्राइंडर चालवताना डोळ्याला चष्मा आहे का आणि ग्राइंडरचं गार्ड काढून ठेवलंय का, निम्मे जण काढतात. दुसरं, गाडीला हाताशी एक बटण आहे का जे दाबलं की इंजिन लगेच बंद होतं. आणि पट्टा फिरत असताना कुणी त्यात अडकलेली माती काढायला हात घालतं का. पट्टा आणि गरारीच्या मधी बोट गेलं तर बाहेर येत नाही, हळू फिरत असला तरी. माती काढायची ती इंजिन बंद करून, चावी खिशात टाकून. एवढं तो पाळत असेल तर चालू द्या, मोबाइल बघत बसण्यापेक्षा बरंच की.

प्रश्न : अशी गाडी रस्त्यावर चालवली तर आरटीओ पकडंल का? पासिंग होतं का?
— वसमत, औंढा, उमरगा, बरेच जण

उत्तर : पासिंगच्या नादी लागू नका. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम नोंदलेल्या गाडीतसुद्धा मनानं बदल करू देत नाही, इथं तर अख्खी गाडीच घरची. डांबरी रस्त्यावर आणली तर आरटीओच्या आधी अँगलच झिजतील, रस्त्याला खाचा पडतील ते वेगळंच. आपल्या वावरात आणि पाणंदीत वापरा. आणि भंगारातून इंजिन घेताना पावती घ्या, तीवर इंजिन नंबर लिहून घ्या, तो नंबर खरवडलेला दिसला तर कितीही स्वस्त असू द्या, तिथंच ठेवून या. डांबरी रस्ता ओलांडायचाच असेल तर जुनी टायरं कापून अंथरा आणि त्यावरून न्या, नाहीतर सरळ ट्रॉलीत चढवा.